बंब उशिरा का येतो? तालुक्याच्या अग्निशमन दलाची घडण

मार्च महिना होता. दुपारी अडीचच्या सुमारास चुलत्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कडब्याची गंजी पेटली. वरून गेलेल्या विजेच्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली आणि वाळलेला ज्वारीचा कडबा बघता बघता धडधडू लागला. शेजारच्या शेतातली माणसं धावली. कोणी दावणीची जनावरं सोडली, कोणी ओली गोणपाटं आपटली, बायांनी हौदातून घागरी भरून दिल्या. बंब पोचला तेव्हा पन्नास मिनिटं होऊन गेली होती आणि वर्षाच्या वैरणीची राख झाली होती. जमलेले लोक चालकावर तुटून पडले. त्यात मीही होतो.

पुढे काही दिवसांनी नगरपरिषदेत काम निघालं. मागच्या पत्र्याच्या शेडात तोच बंब उभा होता आणि तेच चालक टाकीच्या झाकणाखालचं रबर बदलत होते. गावात सगळे त्यांना मामा म्हणतात. मी त्या दिवसाबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "फोन आला की आम्ही निघतोत. पण लोक फोन करतात कवा, ते कोणी इचारत नाही." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. तेव्हापासून त्या शेडात माझं जाणं-येणं सुरू झालं. तालुक्याच्या गावाचं अग्निशमन दल कसं उभं राहतं आणि कशाकशाने अडतं, हे मला तिथे कळलं. तेच इथे मांडतो.

आधी वेळेचा हिशोब. आग दिसल्यावर माणूस पहिल्यांदा फोन करत नाही, पाणी मारतो. आग आवरत नाही असं दिसल्यावर नंबर शोधतो. १०१ लावायचा की ११२, यात गोंधळतो. आमच्याकडे तर गावोगावच्या लोकांच्या मोबाईलमध्ये चालकाचाच नंबर असतो. यात दहा-बारा मिनिटं सहज जातात. मग वर्दी मिळते. आगीच्या खबरीला अग्निशमनात वर्दी म्हणतात. वर्दी मिळाल्यावर गाडी एक-दोन मिनिटांत बाहेर पडते, अर्थात माणसं जागेवर असतील तर. आमच्या आखाड्याचं अंतर २४ किलोमीटर. ताशी ४० चा सरासरी वेग धरला तरी ३६ मिनिटं लागतात. आणि हा वेगसुद्धा चांगला म्हणायचा, कारण साडेचार हजार लिटरची टाकी म्हणजे साडेचार टन पाणी. टाकीत आडवे पडदे असतात, तरी वळणावर पाणी एका अंगाला धावतं आणि गाडीला ओढतं. पाणंद रस्त्यावर तर गाडी बैलगाडीच्या चालीने न्यावी लागते. सगळं जोडलं की बरोबर पन्नास मिनिटं होतात. त्या दिवशी कोणीही हयगय केली नव्हती.

देशात याचा जो निकष धरतात तो शहरी भागात पाच ते सात मिनिटांचा आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांचा आहे. ४० च्या वेगाने वीस मिनिटांत गाडी साधारण तेरा किलोमीटर जाते. म्हणजे शेडापासून तेरा किलोमीटरचं एक वर्तुळ काढा. त्याच्या आत बंबाकडून आग विझवायची आशा धरता येते. बाहेरच्या गावांसाठी बंब येतो तो बहुतेक वेळा शेजारचं घर वाचवायला. आमच्या तालुक्यात शंभराच्या आसपास गावं आहेत आणि त्यातली कितीतरी या वर्तुळाबाहेर आहेत. २०१४ नंतर राज्यात तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. मला त्याचं मोठं मोल वाटतं ते यासाठी की नगरपंचायत आली की बंबाची जबाबदारी येते, आणि बंब आला की नकाशावर असं एक नवं वर्तुळ उमटतं.

बंब नव्हता तेव्हा लोक काय करत असतील? मराठवाड्याच्या जुन्या गावांत घरंच काही प्रमाणात आग अडवायची. माळवदाचं घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. आत आग लागली तर तुळई जळायची, पण वरून ठिणगी पडून शेजारचं घर पेटणं अवघड. धोका होता तो गावकुसाजवळच्या कुडाच्या आणि पाचटाच्या झोपड्यांना, गोठ्यांना, गंज्यांना. म्हणजे ज्यांच्याकडे कमी होतं त्यांचंच जास्त जळायचं, आणि हे आजही फार बदललेलं नाही. पाणी आडातून किंवा बारवेतून शेंदून हातोहात पुढे द्यायचं आणि आग पुढे सरकू नये म्हणून मधलं छप्पर उपसून टाकायचं, एवढंच हाती होतं. हे छप्पर उपसणं अडाणीपणाचं नव्हतं. आगीला जळायला काही मिळू द्यायचं नाही, ही अग्निशमनातली आजही शिकवली जाणारी पद्धत आहे.

मात्र ज्या मातीच्या थराने आगीपासून राखलं त्यानेच दुसरीकडे घात केला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. ही जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. संकट आलं की लोक अग्निशमनाकडे बघतात, पण शिडी आणि पाईप घेऊन ढिगारा उपसता येत नाही. छोट्या गावाच्या दलालासुद्धा शोध आणि बचाव शिकावा लागेल, हे त्या पहाटेने आपल्या भागाला दाखवलं.

आता कायद्याकडे येतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेव्हा नगरपालिकेला बलदिया म्हणत. १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. त्यानंतर १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम आला. त्यात नगरपरिषदेची कामं दोन प्रकारची सांगितली आहेत. काही बंधनकारक, काही ऐच्छिक. आग विझवणं आणि आगीत जीव व मालमत्ता वाचवणं हे बंधनकारक कामांत येतं. बाग करायची की नाही हे नगरपरिषद ठरवू शकते, आग विझवायची की नाही हे ठरवू शकत नाही. पुढे राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली आणि तिच्यातही अग्निशमन सेवा नागरी संस्थांकडेच दिली. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली.

काम बंधनकारक झालं म्हणून लगेच बंब आला असं मात्र होत नाही. नगरपरिषदांचे लोकसंख्येवरून अ, ब, क असे वर्ग असतात. ४० हजारांपर्यंतची गावं क वर्गात येतात. अशा गावाचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि गाळ्यांचं भाडं, त्यातून दिवाबत्ती आणि सफाई भागवताना दमछाक होते. म्हणून छोट्या गावाचं दल बहुधा पाण्याच्या टँकरने सुरू होतं. उन्हाळ्यात वस्त्यांना पाणी देणाऱ्या टँकरला एक सुटा पंप जोडायचा आणि आग लागली की तोच पाठवायचा. मामा असाच टँकर चालवत या कामात आले. अनुदानातून खरा बंब मिळाला तो बऱ्याच वर्षांनी.

टँकर आणि बंब यांत फरक कोणता, हे मला मामांनी गाडी सुरू करून दाखवलं. गाडी उभी करायची, गिअरपेटीजवळचा एक दांडा ओढायचा, की इंजिनाची ताकद चाकांकडे न जाता मागच्या पंपाला मिळते. त्याला ते पीटीओ म्हणतात. पंप पाण्याला असा दाब देतो की दोन माणसांनी धरलेली नळीसुद्धा हातातून निसटू पाहते. नळी १५ मीटरची, तोंड ६३ मिलिमीटरचं. नळीला नळी जोडायला पितळी जोड असतो, एक नर एक मादी, दाबला की खटकन बसतो. आत रबराचं एक वायसर. ते फाटलं तर निम्मा दाब जोडातूनच उडून जातो. मी गेलो त्या दिवशी मामा एकेका जोडात बोट फिरवून वायसर तपासत होते. प्रत्येक आगीनंतर नळ्या धुवायच्या, वाळवायच्या आणि दुहेरी घडी घालून अशा गुंडाळायच्या की फेकल्यावर एका झटक्यात उलगडतील. जाता जाता, बंब हा शब्द पोर्तुगीज बोंबा म्हणजे पंप यावरून आला असं मानतात. अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंबही आपल्याकडे होताच, त्यामुळे लोकांनी लाल गाडीलाही हेच नाव देऊन टाकलं.

आगीला तीन गोष्टी लागतात. जळण, हवा आणि उष्णता. यातली एक काढून घेतली की आग संपते. पाणी मुख्यतः उष्णता काढून घेतं. शिवाय एक लिटर पाण्याची साधारण १७०० लिटर वाफ होते आणि बंद खोलीत ती हवा बाजूला सारते. म्हणून अनुभवी माणूस नळीची धार एका जागी धरत नाही, फवारा करून फिरवतो. पेटत्या तेलावर मात्र पाणी कधीही टाकू नये. पाणी जड असल्यामुळे तेलाच्या तळाशी जातं, तिथे त्याची वाफ होते आणि पेटलेलं तेल चहूकडे उडतं. कढई पेटली तर गॅस बंद करून ताटाने झाका, एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

मोठ्या तोंडाच्या नळीतून मिनिटाला साडेचारशे लिटर पाणी जात असेल तर साडेचार हजारांची टाकी किती वेळ पुरेल? दहा मिनिटं. लोकांना वाटतं बंब आला म्हणजे पाणी आलं. खरं म्हणजे बंबासोबत दहा मिनिटांचं पाणी येतं. पुढचं पाणी जवळच्या विहिरीत, तळ्यात किंवा नगरपरिषदेच्या जलकुंभात असतं, आणि ते नसेल तर माणसं नळी धरून नुसती उभी राहतात. मराठवाड्यात हा प्रश्न किती टोकाला जातो ते २०१६ साली सगळ्या देशाने पाहिलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या, एकेकीत ५० हजार लिटर. प्यायचं पाणी जिथे रेल्वेने येतं तिथे आग विझवायला राखीव पाणी ठेवा असं सांगणं सोपं नाही. तरीही ते ठेवावंच लागतं, कारण दुष्काळाच्या वर्षात सगळं जास्त वाळलेलं असतं आणि आगीही उन्हाळ्यातच लागतात.

आमचा पट्टा कापसाचा आहे. आमच्या दलाला खरी मोठी आग दाखवली ती जिनिंगने, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याने. कापूस यंत्रात जाताना त्यात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला की ठिणगी उडते. बेअरिंग तापतं, कधी वायर शॉर्ट होते, कधी ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून ठिणगी पडते. मोकळ्या रुईच्या ढिगावरून ज्वाळा वाऱ्यासारखी पळते. त्याहून वाईट प्रकार गाठींचा. दाबून बांधलेल्या गाठीत आग आत आत धुमसत राहते. वरून पाणी मारलं की विझल्यासारखी दिसते, कारण रुईला नैसर्गिक मेण असतं आणि पाणी आत लवकर शिरत नाही. संध्याकाळी विझलेली गाठ पहाटे पुन्हा धूर सोडते. म्हणून जेसीबीने ढीग पसरायचा, गाठी एकेक करून बाहेर ओढायच्या, पट्ट्या तोडून त्या फोडायच्या आणि भिजवायच्या. दोन-दोन दिवस गाडी तिथून हलत नाही. आणि नेमकी त्याच वेळी दुसरीकडे गंजी पेटली तर तालुक्याला दुसरा बंब नसतो. शेजारच्या गावांचे बंब बोलवावे लागतात. आमच्याकडे दुसरी गाडी मंजूर झाली ती अशा एका आगीनंतरच. अग्निशमन दल वाढतं ते बहुधा कोणाचं तरी मोठं नुकसान झाल्यावर. मला हे फार बोचतं.

सगळ्यात कमी चर्चा होते ती माणसांची. एका बंबावर एका पाळीत एक चालक, एक लिडिंग फायरमन आणि चार फायरमन असायला हवेत. म्हणजे सहा. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या की अठरा, सुट्ट्या धरल्या तर वीसच्या वर. आणि हा हिशोब एका गाडीचा. छोट्या गावात प्रत्यक्षात एखाद-दुसरा कायम चालक, काही कंत्राटी पोरं आणि वेळ पडली तर पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्हमन, असं दल असतं. नगरपरिषदेत किती पदं असावीत हे आकृतीबंधाने ठरतं आणि त्याला मंजुरी शासनाची लागते, त्यामुळे गावाने ठरवलं म्हणून माणूस भरता येत नाही. प्रशिक्षणासाठी राज्याची अग्निशमन अकादमी मुंबईत सांताक्रूझला आहे, राष्ट्रीय महाविद्यालय नागपूरला. २०२३ साली नगरपरिषदांसाठी राज्यस्तरीय संवर्गाची भरती निघाली, तिच्यात अग्निशमन सेवेचा स्वतंत्र संवर्ग होता. प्रशिक्षित माणूस थेट छोट्या गावाला मिळण्याची ती वाट आहे आणि ती बंद पडू नये असं मला मनापासून वाटतं. कारण धुराने भरलेल्या खोलीत शिरणं हे धाडसाचं काम खरं, पण नुसत्या धाडसाने होत नाही. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मास्क लावून, भिंतीला हात लावून, गुडघ्यावर रांगत आत जायचं आणि हवा किती उरली यावर लक्ष ठेवायचं, हे शिकूनच येतं. मास्क नसेल तर धूर आधी मारतो, आग नंतर.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान मेले. म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो. मराठवाड्यात हा दिवस बाबासाहेबांच्या जयंतीचा. सकाळी शेडापुढे दोन मिनिटं उभं राहून त्या जवानांना मानवंदना द्यायची आणि मग मिरवणुकीच्या वाटेवर गाडी लावायची, असा मामांचा तो दिवस ठरलेला आहे.

दलाचं काम आता आगीपुरतं राहिलेलं नाही. विहिरीत पडलेली म्हैस, मांज्यात अडकलेलं पाखरू, अपघातात चेपलेल्या गाडीतला माणूस, सगळ्यांसाठी हाच फोन जातो. सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरा धरणाचे दरवाजे उघडल्यावर काठच्या शेतांत आखाड्यांवर माणसं अडकली. अशा वेळी हेलिकॉप्टर आणि मोठी पथकं येतातच, पण पहिल्या काही तासांत दोर, ट्यूब आणि लाईफ जॅकेट घेऊन जवळचं दलच पोचू शकतं.

आग लागूच नये यासाठीचा कायदा वेगळा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा असून ६ डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षेची साधनं चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची आहे. ती साधनं चालू स्थितीत आहेत असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, नमुना 'ब' मध्ये द्यायचं असतं. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालकं दगावली, त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या रुग्णालयात अकरा रुग्ण गेले, तेव्हा फायर ऑडिट हा शब्द घरोघरी पोचला. आपल्या भागातही धडे कमी नाहीत. २०१६ च्या दिवाळीत औरंगाबादचा फटाका बाजार जळाला. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजच्या हातमोज्यांच्या कारखान्यात सहा कामगार झोपेतच आगीत सापडले. तालुक्याच्या गावात मंगल कार्यालय, लॉज, कोचिंग क्लास, खासगी दवाखाना यांच्या जिन्याखाली सामान रचलेलं दिसलं की मला आता तिथे बसवत नाही. आग विझवायची नळकांडी भिंतीवर टांगलेली असतात, पण काटा हिरव्यात आहे की लाल पट्ट्यात, हे बघणारं कोणी नसतं. पैशाच्या बाजूने बोलायचं तर २०२३ साली केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली आहे. तिच्यातलं तालुक्यापर्यंत किती येतं ते गाड्यांवरून मोजू नये, गाडीवरच्या माणसांवरून मोजावं.

मामांच्या शेडात एका खिळ्याला एक वही टांगलेली आहे. दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेला, कोपरे पाण्याने फुगलेले. तिच्यात गावावार पाणी लिहिलंय. कोणत्या गावात कोणाची विहीर, मेपर्यंत पाणी असतं की नाही, मोटार कितीची, गाडी विहिरीपर्यंत जाते की नळ्या टाकाव्या लागतात. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा असते, कधी रात्री, म्हणून तिची पाळीही बाजूला पेन्सिलीने, खोडून खोडून लिहिलेली. ही वही त्यांना कोणी ठेवायला सांगितलेली नाही.

चुलत्यांनी यंदा आखाड्यावर शेततळं घेतलं. गंजी आता एक नाही, तीन लावल्यात, एकमेकींपासून लांब आणि तारांखाली एकही नाही. गेल्या आठवड्यात मी शेडात गेलो आणि मामांना म्हणालो, आमचं शेततळं लिहून घ्या. त्यांनी वही काढली, आमच्या गावाचं पान उघडलं, चष्मा लावला आणि विचारलं, "गाडी वळती का तिथं?"

मी म्हणालो, बघून सांगतो. त्यांनी शेततळं लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली.